खांब पोकळ असल्याची तक्रार

"दहा मिनिटं द्या मला. दहाच. सांधा कुठे आहे ते बोट ठेवून दाखवतो," असं नानांनी गाडी सुरू व्हायच्या आधीच जाहीर करून टाकलं.

विषय होता देवळाचा. अख्खा खडक वरून खाली कोरत आणून त्यातून काढलेलं देऊळ. कळस, खांब, पायऱ्या, दारातले दोन हत्ती, सगळं एकाच दगडाचं. कुठे जोड नाही, चुना नाही, ठिगळ नाही. सूनबाईने ही माहिती वाचून दाखवली तेव्हा नाना गालातल्या गालात हसले. चाळीस वर्षं त्यांनी फरश्या बसवल्या होत्या. जगात बिनसांध्याचं काही नसतं, सांधा लपवणारा तेवढा हुशार असतो, असं त्यांचं ठाम मत होतं.

धंद्यात त्यांना 'टकटक नाना' म्हणत. लादी बसवून झाली की नाना गुडघ्यावर बसत, खिशातून एक जुनं नाणं काढत, लादीवर टकटक करत आणि कान लावत. खाली सिमेंटचा माल नीट भरलेला असेल तर लादी 'टण्ण' वाजते. कुठे पोकळी राहिली असेल तर 'ढब्ब'. नानांनी एकदा 'ढब्ब' म्हटलं की मोठमोठे ठेकेदार मुकाट्याने लादी उचलायला लागत. कुणाच्या घरी पाहुणे म्हणून गेले तरी आधी फरशी ऐकायची आणि मग खुर्चीवर बसायचं, हा त्यांचा रिवाज. त्यामुळे पुष्कळ लोकांनी त्यांना घरी बोलावणंच बंद केलं होतं.

हीच टकटक दोन वर्षांपूर्वी घरातच शिरली.

मुलाने नानांच्याच हाताखाली काम शिकून पहिलं स्वतंत्र काम घेतलं होतं. दातांच्या एका डॉक्टरीणबाईंच्या नव्या दवाखान्याची फरशी. दवाखाना सुरू झाला त्या दिवशी पाहुण्यांची ही गर्दी. नाना आले ते छाती फुगवूनच. पोराचं काम चारचौघांना दाखवावं म्हणून कौतुकाने गुडघ्यावर बसले, गलक्यामुळे एका कानात बोट घातलं, नाणं काढलं, टकटक केली, आणि त्यांचा चेहरा उतरला. दुसरी लादी वाजवली. तिसरी वाजवली. मग सवयीने, काही विचार न करता, मोठ्याने बोलून गेले, "ह्या तिन्ही पोकळ आहेत."

मुलगा एक शब्द बोलला नाही. पाहुणे गेल्यावर त्याने एकट्याने त्या तीन लाद्या उचलल्या, तिथे दुसऱ्या बसवल्या, आणि महिन्याभरात थापी-ओळंबा माळ्यावर टाकून लाद्यांच्या एका दुकानात नोकरी धरली. इस्त्रीचा शर्ट घालून तो आता लोकांना लाद्या विकायचा. बसवायला हात लावायचा नाही.

तेव्हापासून बापलेकांचं थेट बोलणं बंद. भांडण झालं असतं तर मिटलं तरी असतं. हे नुसतंच साचून राहिलं होतं. एकाच टेबलावर जेवायला बसत आणि मीठसुद्धा तिसऱ्याकरवी मागत. निरोप पोचवता पोचवता माई, म्हणजे नानांची बायको, टेकीला आली होती. "दोघं एकाच साच्यातले, काय करणार," असं ती सुनेला म्हणे. आणि म्हणून सुनेने ही सहल काढली होती. चार तास दोघांना एका गाडीत कोंडलं की कुणीतरी बोलेलच, असा तिचा हिशेब.

हिशेब चुकला. मुलगा गाडी चालवत होता, नाना त्याच्या शेजारी, दोघांमध्ये वीतभर अंतर. मुलगा मागे वळून म्हणायचा, नानांना म्हणावं पट्टा लावा. सून म्हणायची, नाना, पट्टा लावा म्हणतायत. नाना विचारायचे, काय? सून पुन्हा मोठ्याने सांगायची. हल्ली लोक तोंडातल्या तोंडात बोलतात, अशी नानांची तक्रार होतीच. मग नाना म्हणायचे, त्याला सांग, लावलाय केव्हाच. चार तासांत सुनेचा घसा बसला, पण बापलेकांमधली वीत काही कमी झाली नाही.

देवळासमोर उभे राहिले तेव्हा मात्र नाना नाणं काढायचंच विसरले.

खडकात खोल खणलेलं अंगण, आणि त्याच्या मधोमध ते उभं होतं. नानांनी मान वर केली, खाली केली, पुन्हा वर केली. वरून खाली कोरत आणलं म्हणजे काय, हे सुनेने वाचून दाखवलं तेव्हा त्यांना नीट कळलं नव्हतं. आता कळलं. आधी कळस करायचा, मग पाया. एक घाव चुकला तर नवीन लादी आणून बसवायची सोय नाही. ज्याने पहिला घाव घातला त्याला शेवटची पायरी बघायला मिळाली नसणार. त्याचा मुलगा, मुलाचा मुलगा, असं कुणीतरी ती पायरी काढली असणार. नानांच्या मनात काय आलं कोण जाणे, त्यांनी चोरून मुलाकडे पाहिलं. मुलगा हत्तीच्या सोंडेकडे बघत होता.

मग नानांनी घसा खाकरला, नाणं काढलं आणि कामाला लागले.

माईने सांगून पाहिलं की हे देऊळ आहे, कुणाचं न्हाणीघर नाही. पण नानांनी ऐकलं नाही, किंवा त्यांना ऐकू आलं नाही. अंगणातली भिंत वाजवली, ठीक. हत्तीचा पाय वाजवला, ठीक. जोत्याला फेरी मारत आत शिरले आणि सभामंडपातल्या डावीकडच्या तिसऱ्या खांबापाशी आले. तिथे एका शाळेची सहल उतरली होती. चाळीस मुलं एकाच वेळी प्रतिध्वनी काढून बघत होती. त्या गोंगाटात नानांनी उजव्या कानात बोट घातलं, डावा कान खांबाजवळ नेला आणि नाणं वाजवलं.

ढब्ब.

पुन्हा वाजवलं. ढब्ब.

नानांच्या अंगावर काटा आला. एवढ्या वर्षांत कुणालाही जे सापडलं नाही ते ह्या नाण्याला सापडलं होतं. "पोकळ आहे," ते म्हणाले. आपण हळू बोललो असं त्यांना वाटलं. खरं तर ते अंगणापर्यंत ऐकू गेलं.

शेजारी मुलांच्या शिक्षिका उभ्या होत्या. काय पोकळ आहे, त्यांनी विचारलं. नानांनी खांबावर थाप मारून सांगितलं, हा खांब, आत काही नाही. शिक्षिकेने खांबाकडे पाहिलं, खांबावरच्या छताकडे पाहिलं आणि छताखालच्या चाळीस मुलांकडे पाहिलं. पुढच्या मिनिटाला मुलं दोन-दोनच्या रांगेत बाहेर निघाली होती. रांगेच्या पुढच्या टोकाला बातमी होती की खांब पोकळ आहे. मागच्या टोकाला पोचेपर्यंत खांब पडत होता.

मंडपाच्या दुसऱ्या बाजूला मोठ्यांचा एक गट होता. त्यांनीही 'पोकळ' हा शब्द उचलला होता, पण मोठी माणसं जास्त शहाणी. दगडात मुद्दाम पोकळी ठेवतात ती कशासाठी, असं त्यांच्यातल्या एकाने नुसतं विचारलं. सोनं हा शब्द कुणी काढला ते शेवटपर्यंत कळलं नाही. एवढं खरं की खांब पडणार म्हणून बाहेर धावणारे आणि खांबात सोनं आहे म्हणून आत धावणारे दारात समोरासमोर आले, आणि दार एका वेळी दोन माणसांपुरतं होतं.

शिट्टी फुंकत पहारेकरी आला. गर्दीने त्याच्यासमोर नानांना उभं केलं. पहारेकऱ्याने विचारलं की आपण कोण. नानांनी सरळ पाठीने उत्तर दिलं, "चाळीस वर्षं ह्याच कामात गेली माझी."

त्यात खोटं काही नव्हतं. पहारेकऱ्याने मात्र टाचा जुळवून सलाम ठोकला आणि दोरी घेऊन आला. किती अंतरावर बांधू, साहेब, असं त्याने अदबीने विचारलं. आता हे बघा, दोन वर्षं घरी नानांना कुणी कसलाही सल्ला विचारला नव्हता. घरातला पंखा किती आकड्यावर ठेवायचा हेसुद्धा त्यांच्या माघारी ठरत होतं. नानांनी खांबाकडे डोळे बारीक करून पाहिलं आणि म्हणाले, "आठ हात."

माईने त्यांच्या बरगडीत कोपर खुपसलं. "दहा हात," नाना म्हणाले. त्यांना वाटलं, तिला आठ कमी वाटले.

पहारेकऱ्याने दोरी बांधली आणि कार्यालयात फोन लावला की वरच्या साहेबांनी खांब नापास केलाय. पंधरा मिनिटांत अख्खं देऊळ रिकामं झालं. बाहेर दोनशे माणसं उन्हात उभी, आत दोरीच्या पलीकडे नाना एकटे, हातात नाणं. मुलगा, सून आणि माई दाराशी थांबले होते. मुलाने इस्त्रीच्या शर्टाची बाही कोपरापर्यंत वर सारली होती आणि तो बापाकडे टक लावून बघत होता.

धापा टाकत एक तरुण इंजिनिअरबाई आल्या. डोक्यावर टोपी, हातात लाकडी हातोडी. त्यांनी खांब चहूबाजूंनी वाजवला, थांबून ऐकला, पुन्हा वाजवला. मग नानांकडे वळून विचारलं की आपण कुठल्या कार्यालयातून आलात.

"कार्यालय कुठलं बाई, मी फरशीवाला," नाना म्हणाले.

पहारेकऱ्याने आपला सलाम परत घ्यायची काही सोय आहे का अशा नजरेने सगळीकडे पाहिलं.

बाई चिडल्या असत्या तर कुणी त्यांना दोष दिला नसता. पण नानांच्या चेहऱ्यावर लबाडी नव्हती, आणि नाणं धरायची पद्धत कारागिराची होती. त्या म्हणाल्या, मला तर खांब भरीव वाटतोय, तुम्ही कसं ऐकलंत ते दाखवा. नानांनी उजव्या कानात बोट घातलं, डावा कान नेला, नाणं वाजवलं. पोकळ. बाईंनी शेजारचा खांब दाखवला. तोही पोकळ. भिंत पोकळ. उंबरठा पोकळ. वरात निघावी तसे सगळे नानांच्या मागून अंगणात आले. तिथे तासाभरापूर्वी ठीक असलेला हत्तीसुद्धा पोकळ निघाला.

"साहेब," पहारेकऱ्याने सवयीने विचारलं, "म्हणजे अख्खा डोंगरच पोकळ म्हणायचा का?"

नाना गोंधळले. बाई मात्र त्यांच्या बोटाकडे बघत होत्या. त्यांनी विचारलं, हे बोट कानात कशाला? नानांनी सांगितलं, गोंगाट असला की घालतो, म्हणजे एका कानाने नीट ऐकता येतं.

"आता गोंगाट नाहीये," बाई मऊ आवाजात म्हणाल्या. "बोट काढा. आणि कान बदला."

नानांनी कान बदलला. हत्तीच्या पायाशी ओणवे होऊन नाणं वाजवलं.

टण्ण.

इतका स्वच्छ, इतका भरलेला आवाज त्यांनी आयुष्यात ऐकला नव्हता. नाना तसेच ओणवे राहिले. मग डावा कान. ढब्ब. उजवा. टण्ण. डावा. ते आणखी वाजवत राहिले असते, पण नाणं हातातून निसटलं आणि त्यांनी ते उचललं नाही. सर्वांत आधी माईला कळलं. तिने तोंडाला पदर लावला. नाना पायरीवर बसले.

मुलगा आला आणि दोन पायऱ्या खाली बसला. बाहेरची दोनशे माणसं काय झालं म्हणून ओरडत होती, ती पहारेकऱ्याने थोपवून धरली होती.

"त्या दिवशी तू तीन लाद्या उचलल्यास," नाना म्हणाले. मध्ये कुणीच नव्हतं. सरळ मुलालाच म्हणाले. "खाली काय होतं?"

मुलगा आपल्या बोटांकडे बघत राहिला. "माल होता."

"किती?"

"कडेपर्यंत. तिन्हीखाली. निघता निघेनात, शेवटी फोडाव्या लागल्या."

"मग बोलला का नाहीस, अरे?"

"चारचौघांत सांगितलं होतंत तुम्ही. चाळीस वर्षांत तुमचं नाणं कधी खोटं ठरलं नव्हतं. मी माझ्या पहिल्याच कामाला ते खोटं पाडू? आणि पाडलं असतं तर पुढे तुम्हाला कुणी कामावर बोलावलं असतं का, नाना?"

नानांना बरंच काही बोलायचं होतं. त्यातलं 'गाढवा' एवढंच बाहेर पडलं. तेही अर्धवट. मग ते दोन पायऱ्या खाली सरकले आणि बाहीने नाक पुसत मुलाच्या शेजारी बसून राहिले. दाराजवळ सुनेने माईच्या कानात विचारलं की मध्ये जाऊन काही सांगायला हवं का. माई म्हणाली, "नको. सुटलीस तू."

नियमाप्रमाणे तक्रार आली की देऊळ दिवसभर बंद ठेवावं लागे, ते ठेवलं गेलं. सुनेने दोन पुस्तकं वाचून तयारी केली होती, तिला एक खांब आणि एका हत्तीचा पाय एवढंच बघायला मिळालं. इंजिनिअरबाईंनी फॉर्म भरून नानांची सही घेतली. त्यात 'दोष कुठे आढळला' असा एक रकाना होता. बाईंनी थोडा विचार करून लिहिलं : तक्रारदाराच्या डाव्या कानात.

दुसऱ्या दिवशी कानाच्या डॉक्टरांनी तिथून मळाचा एवढा मोठा गोळा काढला की कंपाउंडर बघायला आला. डॉक्टर म्हणाले, बरीच वर्षं साठत असावा. माई त्या ताटलीकडे बघत राहिली. "ह्या एवढ्याशासाठी मी दोन वर्षं पोस्टमन झाले होते," ती म्हणाली. नाना दचकले. ती नेहमी एवढ्या मोठ्याने बोलते हे त्यांना ठाऊकच नव्हतं.

पण एक गोष्ट बाकी होती. चारचौघांत बोललो, तर मागेही चारचौघांतच घेणार, असा नानांनी हट्ट धरला. सुट्टीच्या दिवशी धुतलेला शर्ट घालून, मुलाला बरोबर घेऊन ते दातांच्या दवाखान्यात गेले. मुद्दाम गर्दीची वेळ निवडली. सहा-सात पेशंट गाल धरून बसले होते. डॉक्टरीणबाई बाहेर आल्या तशी नाना उभे राहिले आणि पाठ केलेलं बोलू लागले, की दोन वर्षांपूर्वी ह्या जागी मी जे बोललो ते साफ चूक होतं.

डॉक्टरीणबाईंनी कपाळाला आठी घातली. त्यांना काहीच आठवत नव्हतं. लाद्या? कुठल्या लाद्या? मग त्यांचा चेहरा उजळला. "हां हां, त्या दिवशी गुडघ्यावर बसलेले आजोबा तुम्हीच का? मला वाटलं तुमची कवळी पडली. आम्ही किती शोधली नंतर!"

ज्या शब्दापायी घरात दोन वर्षं मीठ फिरून येत होतं, तो इथे कुणी ऐकलासुद्धा नव्हता.

"बरं झालं आलात," बाई पुढे म्हणाल्या, "ते बेसिन जरा बघता का? नळ गळतोय कधीचा."

आता फरशी वेगळी आणि नळ वेगळा. पण नाही म्हणायला बापाचं तोंड उघडेना आणि लेकाचंही. मुलाने बाह्या सारल्या. नाना सूचना द्यायला मागे उभे राहिले. थोडा डावीकडे, आणखी थोडा, आता आवळ. मुलाने आवळला, आणि नळ त्याच्या हातात आला.

मुख्य चावी सापडेपर्यंत दवाखानाभर पाणी झालं होतं. पेशंट खुर्च्यांवर पाय वर घेऊन बसले. मुलगा हातात नळ घेऊन उभा, शर्ट ओलाचिंब. नाना मात्र ओणवे होऊन पाण्याकडे बघत होते. पाणी ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत एकसारखं, आरशासारखं, निश्चल उभं होतं. ना इकडे झुकलेलं, ना तिकडे.

"बघा," नाना सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले. "बघा सगळ्यांनी. सबंध फरशीत कुठे केसभर उंचसखल आहे का सांगा. पाण्याला हलायला जागा नाही. मला चाळीस वर्षांत अशी साधली नाही. माझ्या मुलाने बसवलीये."

मुलाने मान खाली घातली.

"सुरेख आहे हो," डॉक्टरीणबाई एका पायावर उभ्या राहून म्हणाल्या. "पण मग हे पाणी बाहेर जाणार कसं?"

बापलेकांनी एकमेकांकडे पाहिलं, विजारी गुडघ्यापर्यंत दुमडल्या आणि दोन फडकी मागितली.